लोणी मोजायचं, हात नाही

फोटोत रे टॉम्को क्रीमरोल खात होता आणि तो क्रीमरोल माझा होता. सोमवारची सकाळ, पिट्सबर्गमधलं आमचं ऑफिस, हातात कॉफी, आणि मावसबहीण डॉटीने फोनवर पाठवलेला हा फोटो. खाली तिने लिहिलं होतं, ‘रेच्या प्रचाराच्या जेवणात मावशीचे रोल! डोळ्यांत पाणी आलं गं.’ माझ्या डोळ्यांत पाणीबिणी काही आलं नाही. मी खुर्ची भिंतीकडे वळवली, फोटो मोठा केला, आणि रेच्या मिशीला लागलेली साखर सोडून त्याच्या चिमटीतल्या बोटभर रोलकडे बघत राहिले. पिठाची पट्टी कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यावर गुंडाळायची, भाजायची, चिमटा ओढून काढायचा आणि पोकळीत क्रीम भरायचं, असे रोल आमच्या नदीकाठच्या गावांत घरोघरी होतात. पण सगळ्यांच्या रोलचा वेढा उजवीकडे चढतो. आईचा डावीकडे चढायचा, कारण आई डावरी होती; आणि आईनंतर फक्त माझा, कारण मीही डावरी आहे. फोटोतला वेढा डावीकडे चढत होता. फोटो आरशातल्यासारखा उलटा आला असेल म्हणून मी रेच्या पाठीमागचा फलक वाचला. ‘टॉम्को, नगराध्यक्षपदासाठी.’ अक्षरं सुलटी होती. मग मी कॉफी बेसिनमध्ये ओतून दिली.

क्रीमरोल बघून कॉफी ओतून देणारी बाई वेडी म्हणायची, पण आमचा धंदाच तसा आहे. आम्ही गावांचे कर्जरोखे विकतो. गावाला नवी गटारं हवी असतात, गावाजवळ पैसे नसतात. मग गाव कर्ज काढतं, आम्ही त्याचे रोखे बाजारात खपवतो आणि मधला आमचा वाटा घेतो. हे काम कुणाला द्यायचं ते गावचे कारभारी ठरवतात, आणि पूर्वी ते काय बघून ठरवायचे हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. म्हणून नियम आला. आमच्यातल्या कुणी अशा कारभाऱ्याच्या निवडणुकीला हातभार लावला, की कंपनीला त्या गावातून दोन वर्षांचा वनवास. ज्याला आपलं स्वतःचं मत जातं त्याला थोडंफार देण्याची मुभा आहे. पण रे ड्रेवोसचा उमेदवार आणि माझं मत पिट्सबर्गात, म्हणजे माझ्याकडून त्याला छदामही चालणार नव्हता. छदाम नाही आणि वस्तूही नाही. ड्रेवोसच्या सांडपाणी मंडळावर माणसं नगराध्यक्ष नेमतो, आणि ड्रेवोसच्या गटारांचं कर्ज, आमच्या छोट्या कंपनीचं या वर्षीचं सगळ्यात मोठं काम, सह्यांच्या बेतात होतं. ते काम मी आणलं होतं. माझ्याच जन्मगावातून, एकही बिअर कुणाला न पाजता, निव्वळ आकडे दाखवून आणलं होतं, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

इतकी वर्षं हा नियम पाळताना माझं काय झालं ते आईने एकदा बरोबर सांगितलं होतं. घरात मला रॉनी म्हणतात, पण तेव्हा ती पूर्ण नाव घेऊन म्हणाली, “वेरोनिका, तुला कुणी गुड मॉर्निंग म्हटलं तरी तू त्याचे खिसे बघतेस.” खोटं नव्हतं. शेजारच्या मुलीने शाळेसाठी बिस्किटं विकायला आणली, तर मी आधी विचारायची, तुझे बाबा कशाला उभे नाहीत ना? चर्चमधल्या सोडतीचं तिकीट घेतलं नाही, कारण बक्षिसाचं हॅम कुणी दिलं ते पाद्रीबाबांना सांगता येईना. दंतवैद्याने कुठल्याशा सहलीला बोलावलं, तर तोंडात त्याची हत्यारं असतानाच मी नाही म्हणून मान हलवली. मागच्या फेब्रुवारीत आई गेली तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत रे टॉम्को होता. लहानपणी तो आमच्याच अंगणात वाढला. बर्फावरून घसरत पेटी चालली होती, आणि आईच्या त्या शेवटच्या रस्त्यावर माझ्या मनात काय आलं, तर हा निवडणुकीला उभा राहणार म्हणतात, याचा खांदा कशात धरायचा? त्यानंतरच्या सोमवारी मी ऑफिसात हॅरिएटला विचारलंसुद्धा. हॅरिएट पाईक आमच्याकडे नियमांवर पहारा ठेवते, चष्म्याला दोरी लावलेली, साठीची, कोरडी बाई. ती म्हणाली, “खांदा त्याने तुला दिला, तू त्याला नाही. चालतं.” ती हसली नाही आणि मलाही तेव्हा त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

तर रोल. रेच्या टेबलावर माझे रोल गेले कसे, हा काही मोठा प्रश्न नव्हता. मी ते बर्नीला दिले होते. बर्नाडेट, माझी धाकटी बहीण, अजून ड्रेवोसलाच राहते, आईच्याच घरात. तिच्या मुलीचं, क्रिस्टाचं, लग्न जूनमध्ये. आमच्याकडे लग्नाचा केक कसाही असला तरी चालतो, पण कुकीचं टेबल भरगच्च नसेल तर पाहुणे घरी जाऊन वर्षभर बोलतात. मावश्या, आत्या, शेजारणी महिनोन्‌महिने आधीपासून भाजायला बसतात आणि भाजून झालं की गोठवून ठेवतात. आईच्या नावाचे रोल नसतील असं टेबल आमच्या घरात झालं नव्हतं. म्हणून मी मार्चमध्ये रजा घेऊन, आईचे काळे पडलेले चिमटे काढून, माझ्या स्वयंपाकघरात रोल केले, शर्टांच्या जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत मेणकागद घालून रचले, सुतळीने बांधले आणि बर्नीकडे पोचवले. क्रीम आयत्या वेळी भरायचं असतं. खोकी घेताना ती म्हणाली होती, “बाई, एवढे! तू काय गावजेवण घालणार आहेस?” तेव्हा मी हसले होते. आता भिंतीकडे तोंड करून बसल्यावर ते ‘गावजेवण’ मला वेगळंच ऐकू यायला लागलं. ती तेव्हाच ठरवून बसली होती का? आणि खोकी घेताना ती माझ्याकडे न बघता खोक्यांकडे का बघत होती?

बर्नीला रोल येत नाहीत. हे आमच्या घरातलं जुनं, पक्कं सत्य. आई तळघरातल्या स्वयंपाकघरात भाजायला बसली की मला आपल्या डाव्या हाताशी बसवायची. शाळेत नन्सनी तिचा डावा हात बाकाला बांधून ठेवला होता, आणि माझा बांधायला आल्या तेव्हा ती मोठं भांडण करून आली होती. त्या हाताचं आमचं दोघींचं एक गुपित असल्यासारखं होतं. बर्नी उजवी. तिने पट्टी गुंडाळली की आई काही न बोलता ती उलगडायची आणि बर्नीपुढे अक्रोड दळायचं यंत्र सरकवायची. बर्नी दळत राहायची. तिच्या तोंडावर काही दिसायचं नाही, आणि ज्याच्या तोंडावर काही दिसत नाही त्याच्या मनात साठतं, असं मी पुढे धंद्यात शिकले. शेवटच्या वर्षी आईला सांभाळलं बर्नीने. मी रविवारी जायची, फुलं न्यायची, संध्याकाळी परतायची. त्याबद्दल बर्नी कधी एका शब्दाने बोलली नाही, तेही मी लक्षात ठेवलं होतं.

मी तिला फोन लावला. भांड्यांचा आवाज येत होता. इकडचं तिकडचं बोलणं मला जमत नाही. मी विचारलं, “बर्नी, शनिवारी रेच्या जेवणाला तू काही नेलं होतंस?”

“नेलं होतं ना. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये हॅम आणि कोबी-नूडल्स एवढंच होतं. गोडाशिवाय लोकांना घरी पाठवायचं म्हणजे काय!”

“रोल नेलेस?”

भांड्यांचा आवाज थांबला. “तुला कोणी सांगितलं?”

“नेलेस की नाही?”

“नेले. माझे होते.”

“तुझे? बर्नी, तुला रोल येत नाहीत.”

पलीकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “माझे होते, सांगितलं ना तुला. ओव्हनमध्ये काहीतरी आहे, ठेवते.” आणि ठेवला.

निरागस माणूस ‘तुला कोणी सांगितलं’ असं विचारतो का? आणि ती थांबली का? मी दिवसभर त्या थांबण्यातच अडकून राहिले. समोर गटारांचे आकडे होते आणि मला आठवत होतं की बर्नीचा नवरा गस गुरुवारी बोलिंगला जातो, आणि त्याच्या चमूत तो उंच, घाऱ्या डोळ्यांचा माणूस आहे, जो आमच्या विरुद्धच्या कंपनीत काम करतो आणि ज्याला ड्रेवोसचं काम हवं होतं. नाताळात तो गसच्या गाडीतून उतरताना मी पाहिला होता. बर्नीला माझा नियम ठाऊक होता. जेवताना मी तो इतक्यांदा सांगितलाय की क्रिस्टा माझी नक्कल करून दाखवते. म्हणजे खोक्यातले चार रोल रेच्या टेबलावर ठेवायचे, डॉटी फोटो काढणारच, ती कुठे मागे राहते. फोटो फिरणार, आणि गटारांचं काम घाऱ्या डोळ्यांच्या झोळीत. एकेक सांधा मी स्वतः जोडत गेले आणि सगळे सांधे बसत गेले. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला थोडं बरं वाटत होतं. इतकी वर्षं मी उगीच सावध राहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी फोटो हॅरिएटपुढे ठेवला आणि बर्नी फोनवर काय म्हणाली ते सांगितलं. तिने चष्मा नाकावर चढवून तो पाहिला. “किंमत काय असेल?”

“मी इतका वेळ बसून केलेत...”

“वेळ राहू दे. घरच्या वेळात राबलीस, तर त्या राबण्याला नियम लागू नाही. लोणी मोजायचं, हात नाही. पीठ, लोणी, साखर, बस.” मग तिने चष्मा काढला. हॅरिएट माझ्याशी कधी नव्हे इतक्या मऊ आवाजात बोलली. “हे बघ वेरोनिका, बहीण म्हणते ते तिचे होते. तिने तिच्या लोण्याचे केले आणि नेले असतील, तर आपला काडीचा संबंध नाही. नियम बहिणीला लागत नाही. मी तिचं म्हणणं टिपून ठेवते आणि आपण दोघी कामाला लागतो. काय?”

आज वाटतं, ती मला दार उघडून देत होती. तेव्हा मला तिचाच संशय आला. ही इतकी मऊ का? मी नंतर पकडली जावी म्हणून? मी म्हणाले, “ते तिचे नाहीत. हा वेढा बघा. असा वेढा जगात एकटी मीच घालते.”

हॅरिएटने चष्मा परत चढवला. मग पुन्हा तिचा रोजचा आवाज. “नकळत झालेल्या छोट्या चुकीला माफी असते, उमेदवाराने त्या वस्तूची किंमत परत केली तर. पण आपल्याएवढ्या कंपनीला वर्षातून दोनदाच. आणि या वर्षीची एक वॉल्टच्या जावयाने खाल्ली, दुसरी खुद्द वॉल्टने.” वॉल्ट म्हणजे आमचा मालक. “म्हणजे ड्रेवोस गेलं. एकच विचारते, वॉल्ट मला विचारणारच. बहिणीला नियम माहीत होता?”

“होता.”

“मग मुद्दाम केलं असेल?”

इथे मी ‘माहीत नाही’ म्हणू शकले असते. तेच खरं होतं. मी म्हणाले, “मला वाटतं, हो.” आणि गसचं, बोलिंगचं, घाऱ्या डोळ्यांचं सगळं सांगितलं. हॅरिएटने काही टिपलं नाही, नुसती ऐकत होती. दुपारी वॉल्टने ड्रेवोसच्या मंडळाला फोन करून काम सोडलं. कारण विचारलं तेव्हा त्याने, कंपनीची लाज राखायला, माझीच गोष्ट सांगितली: आमच्या बाईच्या बहिणीने डाव साधला. मला म्हणाला, “काही दिवस घरी बस. पुढचं बघू.” त्याने ते कनवाळूपणे म्हटलं, आणि पुढचं काही नसणार हे मला त्यावरूनच कळलं.

शुक्रवारी मी ड्रेवोसला गेले. जाब विचारायला गेले होते. नदीच्या कडेने गाडी चालवताना वाक्यं पाठ करत होते, आणि प्रत्येक वाक्याचा शेवट ‘आईने तुला शिकवलं नाही यात माझा काय दोष’ असा होत होता, हे मला अर्ध्या वाटेत लक्षात आलं आणि मी रेडिओ लावला. बर्नी तळघरातल्या स्वयंपाकघरात होती. अ‍ॅप्रन बांधलेलं, केसांना फडकं. मला बघून तिने खुर्ची सरकवली नाही की बस म्हणाली नाही.

“रे काल येऊन गेला,” ती म्हणाली. “टोपी हातात घेऊन दारात उभा. म्हणतो, ‘बर्नी, रॉनीशी असं का वागलीस गं? माझ्या जेवणावरून तिची नोकरी घालवलीस?’ मला आधी कळेचना कशाबद्दल बोलतोय. मग गस म्हणाला, ‘तुझ्या बहिणीने सांगितलंय.’ तो अजून कुणाशी बोलला नाहीये. बोलिंगला पण गेला नाही.”

“फोनवर तू थांबलीस,” मी म्हणाले. माझी पाठ केलेली वाक्यं गेली होती, एवढंच उरलं होतं. “रोलचं विचारलं तेव्हा थांबलीस तू. का थांबलीस?”

“लग्नात दाखवायचे होते तुला,” बर्नी म्हणाली. “टेबलावर तुझ्या शेजारी माझे ठेवून. क्रिस्टाला पण सांगितलं नव्हतं. रेच्या जेवणाला नेले ते कसे होतात बघायला. डॉटीच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे विसरले.”

तिने ओट्यावरचं फडकं उचललं. खाली पीठ लाटून ठेवलेलं होतं, पट्ट्या कापलेल्या. म्हणजे मी येणार हे तिला माहीत होतं. कुणी सांगितलं? असं माझ्या मनात येऊन गेलं, आणि तिने एक चिमटा घेतला. नवा, पांढरा, दुकानातला. तो उजव्या हातात धरून ती डाव्या हाताने पट्टी गुंडाळायला लागली. हळू, जिभेचं टोक दातांत धरून. डावा हात तिचा नव्हताच. बोटं अवघडत होती, मध्येच पट्टी निसटली, तिने परत धरली. पण वेढा डावीकडे चढत गेला, एकावर एक, कडेला कड, आई घालायची तसा.

“जानेवारीत शिकवलं तिने,” बर्नी म्हणाली. “तिला स्वतःला धरवत नव्हतं तेव्हा. माझ्या मागे बसायची, माझा डावा हात धरून फिरवायची. मी म्हणायची, आई, उजव्याने करू दे ना, पटकन होईल. तर हात झटकायची. म्हणायची, असाच. इतकी थरथरायची की पहिले दोनशे आम्ही फेकलेच. शेवटी चांगले व्हायला लागले तेव्हा म्हणाली, ‘रॉनीला सांगू नको, तिला वाईट वाटेल.’” बर्नीने चिमटा ताटात ठेवला. “तुला वाईट वाटू नये म्हणून, बरं का.”

मला रडू आलं. आईचा हात तिच्या हातावर होता आणि मी रविवारची फुलं घेऊन वर हॉलमध्ये बसलेली असायची. खालून पिठाचा वास यायचा, आणि मी कधी विचारलंही नव्हतं की काय भाजताय. मी म्हणाले, “बर्नी, मी हॅरिएटला जाऊन सांगते. वॉल्टला सांगते.”

“काय सांगशील? की बहिणीला आता रोल यायला लागले? ओरडून ओरडून सांगितलं असशील ना, जगात मी एकटीच म्हणून.” ती चिडून बोलत नव्हती, ते जास्त लागलं. “कोण ऐकणार आहे? सारवासारव म्हणतील. मीसुद्धा म्हणेन.”

आणि ते खरं होतं. माझ्याकडे कुणी अशी गोष्ट घेऊन आलं असतं, तर मी एक अक्षर मानलं नसतं.

बर्नी हात धुवून कोपऱ्यातल्या पेटीसारख्या मोठ्या फ्रीजरकडे गेली. “ये इकडे. तुझे बघ.” तिने झाकण वर केलं. गार वाफ आली, आणि खाली माझी खोकी, एकावर एक. शर्टांच्या दुकानाचं जुनं नाव, माझी सुतळी, आणि सुतळीला माझी गाठ, डावरी, जी दुसऱ्या कुणाला सुटत नाही. “तुझ्या नोकरीचं मला पाठ आहे,” ती म्हणाली. “रेचं जेवण ठरलं त्या दिवशी गसला म्हटलं, रॉनीच्या खोक्यांना हात लावायचा नाही. चुकूनसुद्धा. तिचं सगळं जाईल. म्हणून तळाशी ठेवली होती, वर मटणाच्या पिशव्या टाकून. सकाळी काढून वर घेतलीत तुला दाखवायला.”

मी वाकले. मला ती खोकी उराशी धरायची होती. मला म्हणायचं होतं, बर्नी, मला माफ कर. शब्द अगदी ओठांवर होते. पण माझा हात आत गेला, वरच्या खोक्याच्या कोपऱ्यावर हिमाचा पांढरा थर धरलेला होता, आणि माझं बोट त्यावर फिरलं. एकदा, आणि मग पुन्हा, नखाने. थर किती जाड आहे. मार्चपासूनचा आहे, की या आठवड्यातला.

बर्नीने माझं बोट पाहिलं. माझा हात बाहेर येईपर्यंत, बोट सापडू नये म्हणून, ती झाकण धरून उभी राहिली, आणि मग तिने ते लावलं.